कर्णभुजा लावली तरी गुण कापले: काटकोन त्रिकोणांच्या सिद्धतेत पुन्हा पुन्हा होणारा घोळ

नववीची घटक चाचणी झाली की कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडे शिकवणीला येणारी बरीच पोरं एकच तक्रार घेऊन येतात. "मॅडम, त्रिकोण एकरूप आलेत, साध्य पण आलंय, मग गुण कशाला कापले ओ?" वही उघडून बघावं तर आकृती नीट, पक्ष-साध्य (काय दिलंय आणि काय सिद्ध करायचंय) नीट, आणि सिद्धतेच्या शेवटाकडच्या ओळीवर लाल गोल. गोलात काय? कसोटीचं नाव. पुढं दहावीत वर्तुळ सुरू झालं की तीच पोरं तसलाच गोल घेऊन परत दारात उभी. नववीत घोळ नुसता झाकला गेलेला असतो, सुटलेला नसतो.

पालकांना वाटतं पाठांतर कमी पडतंय. मला हे पटत नाही. बाबाबा, बाकोबा, कोबाको, कोकोबा, कर्णभुजा ही एकरूपतेच्या कसोट्यांची पाची नावं (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन) पोरांना झोपेतही येतात. चूक त्याच्या आधीच्या पायरीवर होते. या त्रिकोणाचा कर्ण कुठला, आणि माझ्या हातात ज्या समान बाजू आल्यात त्यांत तो आहे का, हे कुणी स्वतःला विचारतच नाही. काटकोन दिसला रे दिसला की मिसळीवर कट ओतावा तशी कर्णभुजा ओतून मोकळे.

पुस्तकात बिंदूंना इंग्रजी अक्षरं असतात. इथे मी जुन्या वळणाने अ, ब, क वापरतेय. शेजारी कागद-पेन्सिल घ्या आणि आकृत्या काढत वाचा. नुसतं वाचून भूमिती कुणालाच येत नाही.

वहीतलं एक पान

प्रश्न नेहमीचा आहे. त्रिकोण अबक मध्ये अब = अक. रेख अड हा बाजू बक वर लंब, ब-ड-क (म्हणजे ड हा ब आणि क यांच्या मधे). सिद्ध करा: बड = कड.

एका हुशार मुलीने लिहिलेली सिद्धता जशीच्या तशी:

त्रिकोण अडब आणि त्रिकोण अडक यांत,
बाजू अब ≅ बाजू अक … (पक्ष)
∠अडब ≅ ∠अडक … (प्रत्येकी ९०°)
बाजू अड ≅ बाजू अड … (सामाईक बाजू)
∴ त्रिकोण अडब ≅ त्रिकोण अडक … (बाकोबा कसोटी)
∴ बाजू बड ≅ बाजू कड … (एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू)

पहिल्या तिन्ही ओळी खऱ्या आहेत. निष्कर्षही खरा आहे. चुकलंय ते फक्त चौथ्या ओळीचं कारण. लिहिताना बाजू, कोन, बाजू असा क्रम आला, म्हणून बाकोबा! पण बाकोबातला कोन त्या दोन बाजूंच्या मधे असावा लागतो, आकृतीत. ओळींच्या क्रमात नव्हे. अब आणि अड या बाजू अ या शिरोबिंदूत मिळतात, म्हणजे त्यांच्यामधला कोन ∠बअड. काटकोन आहे ड जवळ, बाजू अब च्या बरोब्बर समोर. काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण, उरलेल्या दोन्ही बाजू म्हणजे भुजा. तेव्हा या मुलीच्या हातात होता काटकोन, कर्ण आणि एक भुजा. कारण लिहायला हवं होतं कर्णभुजा कसोटी. बाकी एक अक्षरही बदलायची गरज नव्हती.

तिच्या शेजारच्या मुलाने अब = अक वरून ∠ब = ∠क काढलं (समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय), मग काटकोन, मग सामाईक अड, आणि कोकोबा लिहिलं. हेही शंभर टक्के बरोबर. काही शाळांत याला बाकोको म्हणतात, त्याने काही बिघडत नाही. एका साध्याला दोन-तीन रस्ते असू शकतात. तपासणाऱ्याला एवढंच बघायचं असतं की वरच्या तीन ओळी आणि खालचं नाव एकमेकांशी जुळतंय का.

तिसऱ्या एकाने मात्र पक्षात बड = कड असंच लिहून टाकलं होतं. जे सिद्ध करायचंय तेच गृहीत! इथे कसोटी कुठलीही लावली तरी सगळेच गुण जातात, आणि जायलाच हवेत.

आधी कर्ण शोधा, आणि तो तिरका असेलच असं धरू नका

कंपासपेटीतला गुण्या काढा आणि टेबलावर फिरवा. नेहमी तो एका काटकोनी बाजूवर उभा धरतात, त्यामुळे कर्ण तिरका दिसतो आणि डोक्यात पक्कं बसतं की तिरकी बाजू म्हणजे कर्ण. आता तोच गुण्या लांब बाजूवर आडवा ठेवा. कर्ण खाली सपाट पडला, आणि तिरक्या दिसणाऱ्या दोन्ही बाजू भुजा झाल्या. परीक्षेत आकृती अशी फिरवून दिली की पोरं गडबडतात. काटकोनाच्या खुणेवर बोट ठेवायचं आणि तिथून सरळ समोर बघायचं. जी बाजू त्या शिरोबिंदूला शिवतच नाही, तो कर्ण.

दुसरी अडचण एकात एक त्रिकोणांची. त्रिकोण अबक मध्ये ब काटकोन, आणि ब मधून कर्णावर लंब बड. आता इथे तीन काटकोन त्रिकोण झाले, आणि तिघांचे कर्ण वेगळे. मोठ्याचा अक, त्रिकोण अडब चा अब, त्रिकोण बडक चा बक. मोठ्या त्रिकोणाची भुजा लहान त्रिकोणात कर्ण होते. "या आकृतीचा कर्ण कुठला?" हा प्रश्नच चुकीचा, कर्ण आकृतीचा नसतो, त्रिकोणाचा असतो.

आपल्या मराठी माध्यमाच्या पोरांना आणखी एक खड्डा आहे. चौकोनाच्या समोरासमोरच्या शिरोबिंदूंना जोडणाऱ्या रेषेलाही आपण कर्णच म्हणतो. आयतात ते जुळून जातं: आयताचा कर्ण हाच दोन्ही काटकोन त्रिकोणांचा कर्ण. समभुज चौकोनात मात्र दोन्ही कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात, आणि तयार होणाऱ्या चार लहान त्रिकोणांत चौकोनाच्या कर्णांचे अर्धे तुकडे भुजा असतात; त्रिकोणाचा कर्ण असते चौकोनाची बाजू. इथे "कर्ण समान" असं मोघम लिहिलं की तपासणारा विचारणारच, कुणाचा कर्ण? बाजूचं नाव लिहा, प्रश्न मिटला.

काटकोन फुकट मिळाला, आता आणखी दोनच गोष्टी हव्यात

दोन काटकोन त्रिकोण घेतले की एका कोनाची जोडी आधीच जुळलेली असते. उरल्या दोन जोड्या. त्या कुठल्या मिळाल्या यावरून कसोटी ठरते. ती आपण निवडत नाही.

दोन्ही भुजा मिळाल्या तर काटकोन त्यांच्या मधेच असतो, म्हणून बाकोबा. कर्ण आणि एक भुजा मिळाली तर कर्णभुजा. एक लघुकोन आणि कर्ण मिळाला तर कोकोबा. एक लघुकोन आणि भुजा मिळाली तर ती भुजा त्या कोनाला लागून असेल तेव्हा कोबाको, समोर असेल तेव्हा कोकोबा. आणि दोन्ही लघुकोन मिळाले तर? काहीच मिळालं नाही. एक लघुकोन जुळला की दुसरा आपोआप जुळतो, कारण दोघांची बेरीज ९०° ठरलेलीच आहे. असे त्रिकोण समरूप असतात, म्हणजे आकार सारखा, मापं वेगळी असू शकतात. एकरूप असतीलच असं नाही.

मग पोरं म्हणतात, "मॅडम, काटकोन आन् दोन बाजू सारख्या मिळाल्या की झालं की, नाव कायतरी लिहू." नाही झालं. कागदावर एक त्रिकोण काढा: भुजा ३ सेंमी आणि ४ सेंमी, मधे काटकोन. कर्ण ५ सेंमी येतो. आता दुसरा काढा: भुजा ४ सेंमी आणि ५ सेंमी, मधे काटकोन. याचा कर्ण √४१, म्हणजे सुमारे ६.४ सेंमी. दोन्ही काटकोन त्रिकोण. दोन्हींत ४ ची एक बाजू, दोन्हींत ५ ची एक बाजू. कात्रीने कापून एकावर एक ठेवा, कितीही फिरवा, बसत नाहीत. कारण ५ सेंमीची बाजू एकात कर्ण आहे आणि दुसऱ्यात भुजा. बाजू समान असणं पुरत नाही, दोघींनी आपापल्या त्रिकोणात तीच जागा घेतलेली असावी लागते. हे दोन कागदी तुकडे मी कंपासपेटीतच ठेवायला लावते.

कोनांच्या बाबतीतही अगदी हेच होतं, आणि तिथे पकडणं जास्त अवघड. ३, ४, ५ बाजूंचा त्रिकोण घ्या आणि तो सगळ्या बाजूंनी ४/३ पट मोठा करा. बाजू झाल्या ४, ५.३३ आणि ६.६७ (सुमारे). कोन तेच राहिले. आता दोन्ही त्रिकोणांत तिन्ही कोन समान, शिवाय ४ सेंमीची एक बाजूही समान. कोकोबा लावायचा मोह होतोच. पण पहिल्या त्रिकोणात ४ ची बाजू मोठ्या लघुकोनासमोर आहे, दुसऱ्यात लहान लघुकोनासमोर. संगत बाजू नव्हेत. म्हणून "एक कोन, एक बाजू, काटकोन" एवढं म्हणून थांबायचं नाही. ती बाजू दोन्हीकडे समान कोनासमोर आहे की समान कोनाला लागून आहे, हे बघून मगच पेन टेकवायचं.

काटकोन आला कुठून?

लाल गोलांपैकी पुष्कळ गोल "प्रत्येकी ९०°" या शब्दांवरही असतात. आकृतीत काटकोनासारखा दिसतोय, एवढं कारण भूमितीत चालत नाही. काटकोन दिलेला तरी हवा, नाहीतर कमावलेला.

दिलेला असतो म्हणजे पक्षात लंब, शिरोलंब, आयत, चौरस असले शब्द असतात. कमावायचे रस्ते मोजकेच आहेत. समभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना लंब असतात. स्पर्शिका ही स्पर्शबिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येला लंब असते. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. तीन बाजूंची मापं दिली असतील तर पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास (उलट विधान). आणि रेषीय जोडीतले (एका सरळ रेषेवर शेजारी-शेजारी असलेले) दोन्ही कोन समान निघाले, तर प्रत्येकी ९०°.

हा शेवटचा रस्ता नीट बघा, कारण इथेच उलटा प्रवास होतो. वरच्याच आकृतीत पक्ष बदला: अब = अक, आणि अड ही मध्यगा आहे, म्हणजे बड = कड. सिद्ध करायचंय की अड लंब आहे. इथे सिद्धतेत ९०° लिहिलेत तर जे शोधायचं तेच खिशात घालून निघाल्यासारखं झालं. इथे लागते बाबाबा: अब = अक, बड = कड, अड सामाईक. त्यातून ∠अडब = ∠अडक, ते रेषीय जोडीत, म्हणून प्रत्येकी ९०°. आकृती अगदी पहिल्यासारखीच दिसते, पण पक्ष बदलला की कसोटीही बदलली. मागच्या गृहपाठातली सिद्धता आठवून उतरवणारी पोरं इथे हमखास सापडतात.

एकच आकृती, दोन प्रश्न

कुठे गाडी अडते हे तपासायला मी एक जोडी देते. त्रिकोण अबक मध्ये ब मधून अक वर शिरोलंब बप, आणि क मधून अब वर शिरोलंब कम.

पहिला प्रश्न: अब = अक असेल तर बप = कम सिद्ध करा.
दुसरा प्रश्न: बप = कम असेल तर अब = अक सिद्ध करा.

ऐकायला दोन्ही सारखेच. बहुतेक जण दोन्हींना कर्णभुजा लावून मोकळे होतात.

पहिल्यात बघा. मी त्रिकोण अपब आणि त्रिकोण अमक घेतले. काटकोन प आणि म जवळ. कर्ण अनुक्रमे अब आणि अक, आणि ते समान दिलेत. दुसरी जोडी कुठली? बप आणि कम तर सिद्ध करायच्या आहेत, त्या घेता येणार नाहीत. अप आणि अम बद्दल काही माहीत नाही. पण ∠अ दोन्ही त्रिकोणांत सामाईक आहे. काटकोन, लघुकोन, कर्ण: कोकोबा. इथे कर्णभुजा लावायला भुजाच नाही हातात.

दुसऱ्यात बप = कम दिलंय. वरचेच त्रिकोण घेतले तरी जमतं: ∠अ सामाईक, काटकोन, आणि ∠अ च्या समोरच्या भुजा बप व कम समान. पुन्हा कोकोबा, आणि संगत बाजू म्हणून अब = अक. सरळ रस्ता आहे. पण समजा पोराने त्रिकोण बमक आणि त्रिकोण कपब घेतले. हे एकमेकांवर चढलेले आहेत, म्हणून आधी दोन्ही वेगवेगळे काढायचे; चढलेल्या आकृतीवर खुणा करत बसलं की डोळे फिरतात. वेगळे काढल्यावर दिसतं: काटकोन म आणि प जवळ, आणि कर्ण दोन्हींचा एकच, बक. भुजा कम आणि बप समान दिलेल्या. आता ही खरी कर्णभुजा. त्यातून ∠मबक = ∠पकब, म्हणजेच ∠ब = ∠क, आणि समान कोनांसमोरच्या बाजू म्हणून अब = अक.

दोन्ही सिद्धतांना पूर्ण गुण. पण कुठले त्रिकोण घेतले त्यावर कसोटी ठरली, प्रश्नाच्या तोंडवळ्यावर नाही. "कुठले दोन त्रिकोण?" हे सिद्धतेच्या पहिल्या ओळीत लिहायला लावतात ते उगीच नाही.

अक्षरांचा क्रम

हे थोडक्यात. त्रिकोण अबक ≅ त्रिकोण पफभ असं लिहिलं, की अ ला प, ब ला फ, क ला भ अशी संगती तुम्ही जाहीर केली. मग संगत बाजू आकृतीकडे न बघताही वाचता येतात: पहिली दोन अक्षरं म्हणजे अब आणि पफ. क्रम चुकला तर खालची "संगत बाजू" ही ओळही चुकते, आणि एका चुकीचे दोन ठिकाणी गुण जातात. काटकोन त्रिकोणांत सोपी सवय म्हणजे काटकोनाचं अक्षर दोन्हीकडे मधे लिहायचं. मग पहिलं आणि शेवटचं अक्षर मिळून कर्ण होतो, आणि निम्मी संगती तिथेच तपासून होते. उरतं एवढंच की पहिलं अक्षर पहिल्याशी जुळतंय ना. आणि ≅ या खुणेतल्या खालच्या दोन रेघा घाईत गळाल्या की ते समरूप होतं. तेवढ्यासाठीही गुण गेलेले मी पाहिलेत.

पण कर्णभुजा चालतेच कशी?

वर्गात एखादं चौकस पोर विचारतंच: "दोन बाजू आणि त्यांच्या मधे नसलेला कोन, याला तर कसोटी मानत नाहीत. मग काटकोनालाच सवलत का?" प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर एकदा हाताने काढून बघितलं की कर्णभुजा आणि बाकोबा यांची गल्लत सहसा होत नाही, म्हणून याला वेळ देते.

आधी सवलत नसलेला प्रकार काढा. अ जवळ ३०° चा कोन. एका भुजेवर अ पासून १० सेंमीवर ब. आता ब वर कंपास टेकवून ६ सेंमी त्रिज्येचा कंस काढा. तो कोनाच्या दुसऱ्या भुजेला दोन ठिकाणी छेदतो, अ पासून सुमारे ५.३ सेंमीवर आणि १२ सेंमीवर. म्हणजे ३०°, १० आणि ६ ही माहिती तीच, त्रिकोण मात्र दोन, एक लहान आणि एक मोठा. म्हणून बाबाको अशी कसोटी नाही.

आता अ जवळचा कोन ९०° करा, ब १० सेंमीवरच ठेवा, आणि ब वरून १० पेक्षा मोठ्या त्रिज्येचा कंस काढा. समजा १२ सेंमी. कर्ण आहे, भुजेपेक्षा मोठा हवाच. दुसऱ्या भुजेची रेषा मागेही वाढवा. कंस त्या रेषेला दोन ठिकाणी छेदतो, पण यावेळी अ च्या दोन्ही बाजूंना, सारख्याच अंतरावर. दोन त्रिकोण आले खरे, पण एक दुसऱ्याचा आरशातला. कागद मधे दुमडला की एकावर एक बसले.

हेच सिद्धतेच्या भाषेत. त्रिकोण अबक मध्ये ब काटकोन, त्रिकोण पफभ मध्ये फ काटकोन. कर्ण अक = कर्ण पभ, आणि अब = पफ. बाजू कब ही ब च्या पलीकडे वाढवा आणि तिच्यावर ड असा घ्या की बड = फभ. कबड ही सरळ रेषा आहे आणि ∠अबक ९०°, म्हणून ∠अबड सुद्धा ९०°. आता त्रिकोण अबड आणि त्रिकोण पफभ बघा: अब = पफ, मधला कोन ९०°, बड = फभ. बाकोबाने एकरूप. म्हणून अड = पभ. पण पभ तर अक एवढा आहे. म्हणजे अड = अक, त्रिकोण अकड समद्विभुज झाला, आणि ∠क = ∠ड. आता त्रिकोण अबक आणि त्रिकोण अबड: ∠क = ∠ड, काटकोन, अब सामाईक. कोकोबाने एकरूप. दोन्ही जोडले की त्रिकोण अबक ≅ त्रिकोण पफभ.

काटकोनाने नेमकं काय काम केलं ते बघा: ९० आणि ९० मिळून १८०, म्हणून क, ब, ड एका रेषेत आले आणि समद्विभुज त्रिकोण उभा राहिला. काटकोन नसता तर ब जवळ बाक आला असता आणि पुढची एकही ओळ चालली नसती. युक्लिडने इ.स.पू. ३०० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथाच्या पहिल्या भागात बाकोबा हे ४ थं विधान आहे, बाबाबा ८ वं, आणि कोबाको-कोकोबा दोन्ही मिळून २६ वं. कर्णभुजेला तिथे स्वतंत्र क्रमांक नाही; वर केलं तसं ती आधीच्या विधानांतून काढता येते.

प्रत्यक्षात बघायचं असेल तर गणपतीच्या आधी गल्लीत मंडपाचे खांब उभे राहतात तेव्हा थांबून बघा. सपाट जमिनीवर उभा खांब, त्याच्या एकाच उंचीवरून समोरासमोर बांधलेले सारख्या लांबीचे दोन ताणाचे दोर. दोर कर्ण, खांब सामाईक भुजा. दोन्ही खुंट्या खांबाच्या बुडापासून सारख्याच अंतरावर येणार, टेप धरायची गरज नाही. तोच खांब पन्हाळ्याच्या उतारावर उभा रोवा आणि तेच दोर एक चढाकडे, एक उताराकडे ताणा. चढाकडची खुंटी बुडापासून लांब जाईल, उताराकडची जवळ येईल. दोर तेवढेच आहेत, खांबही तोच, पण बुडाजवळ एकीकडे लघुकोन आणि दुसरीकडे विशालकोन झाला. काटकोन गेला, की एकरूपताही गेली.

दहावीत हे परत कुठे भेटतं

स्पर्शिकाखंडाच्या प्रमेयात. केंद्र क, वर्तुळाबाहेरचा बिंदू प, त्यातून काढलेले स्पर्शिकाखंड पअ आणि पब. सिद्ध करायचं पअ = पब. त्रिकोण पअक आणि त्रिकोण पबक. काटकोन अ आणि ब जवळ (स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय, हे कारण लिहिल्याशिवाय ९०° लिहू नका). त्यामुळे कर्ण दोघांचा एकच, पक. कअ = कब एकाच वर्तुळाच्या त्रिज्या, म्हणून भुजा. कर्णभुजा. इथे पोरं बाकोबा लिहितात कारण "त्रिज्या, काटकोन, सामाईक बाजू" असा क्रम लागतो. दुखणं पहिल्या पानावरचंच. पक ला बोट लावा: काटकोनाला शिवते का? नाही. मग तो कर्ण.

जीवेवर केंद्रातून टाकलेला लंब जीवेला दुभागतो, या नववीच्या प्रमेयातही तेच. तिथे त्रिज्या कर्ण असते आणि लंब सामाईक भुजा. म्हणजे स्पर्शिकेत त्रिज्या भुजा, जीवेत त्रिज्या कर्ण. "त्रिज्या आली की कर्ण" असला शॉर्टकट कुणी सांगितला असेल तर तो आजच खोडा.

पायथागोरस लावून सुटका होते का?

होते. कर्ण आणि एक भुजा समान असेल तर दुसऱ्या भुजेचा वर्ग दोन्हीकडे सारखाच येतो, लांबी धन असते म्हणून भुजाही समान, आणि मग बाबाबा किंवा बाकोबा लिहिता येतं. तर्कात काही खोट नाही, आणि कर्णभुजा आठवलीच नाही तर ऐन पेपरात हा रस्ता वापरावा. पण दोन-तीन ओळी जास्त जातात. दहावीचा भूमितीचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा. त्या ओळींचा वेळ पुढच्या प्रश्नांतून वजा होतो. शिवाय प्रश्नातच "कर्णभुजा कसोटीने" असं म्हटलं असेल, किंवा कृतिपूर्ण प्रश्नात चौकट कसोटीच्या नावासाठीच रिकामी सोडली असेल, तर तिथे पायथागोरस बसत नाही.